लाईन गेली की छतावरचं सोलर का बंद पडतं?



हा पाठ मी पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यास आणि गणित या दोन्ही तासांना मिळून घेतला. पण खरं सांगायचं तर तो आधी मलाच शिकावा लागला. डी.एड.ला विजेचं जेवढं शिकले होते, ते इथे पुरलं नाही.

आमची शाळा चंद्रपूर शहराच्या कडेला आहे. बऱ्याच मुलांचे वडील कोळसा खाणीत, ट्रकवर नाहीतर ठेकेदाराकडे कामाला जातात. एप्रिल महिना, सकाळची शाळा. परिपाठ संपला आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी सोलर लावलं. मंग लाईन गेली तं कूलर काहून बंद पडते? सूर्य तं वरतच होता ना!"

मी म्हटलं, काहीतरी बिघाड असेल. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. त्यांची रात्रपाळी असते, म्हणजे झोप दिवसा. चंद्रपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५-४६ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी कूलरशिवाय डोळा लागणं अवघड. आणि रात्री खाणीत जड यंत्रांजवळ काम करणाऱ्या माणसाची झोप नाही झाली, तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. वादळवाऱ्यात दुपारी लाईन जाते म्हणून त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून, अनुदान धरून, तीन किलोवॅटचं सोलर बसवलं होतं. पहिल्याच वादळात लाईन गेली, ऊन तसंच रखरखीत, आणि कूलर बंद. त्यांनी विचारलं, "मॅडम, आमाले फसवलं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं आणि दोन दिवस मागितले.

उत्तर मिळालं ते एका पालकाकडूनच. दुसरीतल्या एका मुलाचे वडील लाईनमन आहेत. त्यांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, ते बंद पडते म्हणून मी जिवंत आहो." हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही.

त्यांनी समजावलं ते असं. वाऱ्याने तार तुटली की लाईन बंद करून ते खांबावर चढतात. ती तार आता मेलेली आहे, या भरवशावर. समजा त्याच वेळी खालच्या एखाद्या घराचं सोलर वीज बनवून लाईनमध्ये सोडतच राहिलं, तर? आपल्या गल्लीतली डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे आपल्या घरापुरते व्होल्ट करून देतो. तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. घरातून २३० व्होल्ट आत गेले, तर वरच्या तारेत ते हजारोंनी वाढून निघतात. म्हणून लाईनला जोडलेल्या सोलरच्या इन्व्हर्टरला एक सक्तीचा नियम असतो: लाईन गेली की दोन सेकंदांच्या आत स्वतःही थांबायचं. मग वर कितीही ऊन असो.

(पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. लग्नाकार्यात काही जण भाड्याच्या जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटला जोडतात आणि मेन स्विच पाडायचा विसरतात. तिथेही हाच धोका आहे. कृपा करून असं करू नका.)

हे मुलांना कसं शिकवायचं? मी टाळ्यांचा खेळ घेतला, तो चांगलाच जमला. एक मूल 'लाईन' होतं आणि ठेक्यात टाळ्या वाजवतं. बाकीची मुलं म्हणजे घरोघरची सोलर. त्यांनी डोळे मिटून फक्त त्या टाळीवर टाळी द्यायची, ना आधी ना नंतर. 'लाईन'ने टाळी थांबवली की सगळ्यांनी थांबायचं. दोन-तीनदा खेळून झालं की सांगायचं, आपल्या लाईनमधली वीजही अशीच ठेक्यात चालते, सेकंदाला ५० आवर्तनं. पॅनेलमधून निघते ती दिष्ट विद्युतधारा, एकाच दिशेने वाहणारी. घरातला कूलर चालतो प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे पुढे-मागे होणाऱ्या. इन्व्हर्टर पहिलीची दुसरी करून देतो. पण साधा इन्व्हर्टर स्वतःचा ठेका धरत नाही, लाईनचा ठेका ऐकून त्यावर टाळी देतो. ठेकाच ऐकू आला नाही तर तो गप्प.

तेव्हा एका मुलाने विचारलं, "मंग एखाद्याने स्वतःच टाळी वाजवली तं?" मला हाच प्रश्न हवा होता. अशी यंत्रं असतात. एक प्रकार पूर्ण स्वतंत्र, ऑफ-ग्रिड. लाईनशी संबंधच नाही. पॅनेल, बॅटरी आणि स्वतःचा ठेका धरणारा इन्व्हर्टर. दुसरा प्रकार हायब्रिड. हा एरवी लाईनच्या ठेक्यावर चालतो. लाईन गेली की आधी घर आणि लाईन यांच्यामधली जोडणी तोडतो, आणि मग बॅटरीच्या जोरावर घरापुरता स्वतःचा ठेका सुरू करतो. आधी दार लावून घ्यायचं, मग घरात दिवा लावायचा. लाईनमनही सुरक्षित, आणि दुपारी वरच्या उन्हाची वीज थेट कूलरला. आमच्या त्या पालकांच्या घरी बसलं होतं ते साधं, लाईनवर अवलंबून असणारं, ज्याला ऑन-ग्रिड म्हणतात.

म्हणजे त्यांना कोणी फसवलं नव्हतं. पण बसवणाऱ्याने हे एवढंसं सांगितलंही नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजने'त एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजना चांगली आहे. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चारएक युनिट देतं. तीन किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास झाले, आणि ते बिलातून वळते होतात. त्या पालकांचं बिल खरंच खूप कमी झालं. पण 'मुफ्त बिजली' हे शब्द ऐकून माणूस समजतो की आता लाईन जाणार नाही. ही योजना बिलाचं दुखणं बरं करते. लाईन जाण्याचं दुखणं वेगळं आहे, त्याचं औषध बॅटरी, आणि अनुदान मिळतं ते पॅनेलच्या किलोवॅटवर. बॅटरीचा खर्च आपला आपणच करायचा.

आता मुलांचा पुढचा प्रश्न. चंद्रपूरच्या कोणत्याही शाळेत तो येणारच. "मॅडम, थर्मल तं आपल्या इथेच आहे. मंग आपलीच लाईन काहून जाते?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऊर्जानगरचं महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ सालापासून वीज बनवतंय. जुने दोन संच बंद झाल्यावरही त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचं, चिमण्यांचा धूरही इथलाच. पण तिथे तयार झालेली वीज सरळ शेजारच्या गल्लीत उतरत नाही. आधी ती लाखो व्होल्टच्या मोठ्या वाहिन्यांवर चढते. त्यातली एक वाहिनी १९९९ पासून चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत जाते, ७५२ किलोमीटर. गंमत म्हणजे ती वाहिनी दिष्ट धारेची आहे, पॅनेलसारखी. इकडे प्रत्यावर्तीची दिष्ट करायची आणि तिकडे पुन्हा प्रत्यावर्ती. मी मुलांना महाराष्ट्राच्या नकाशावर लोकरीचा दोरा लावायला सांगितला. आख्खं राज्य आडवं पार होतं.

आपल्या घरी येते ती वीज या मोठ्या जाळ्यातून उपकेंद्रात, तिथून ३३ आणि ११ हजार व्होल्टच्या तारांवर, मग डीपीत, मग घरात. लाईन बहुतेक वेळा जाते ती या शेवटच्या टप्प्यात. फांदी पडली, जंपर तुटला, सगळ्यांचे कूलर एकदम सुरू झाले आणि डीपीचा फ्यूज उडाला. वीज कुठे तयार होते याचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्या पिढीने भारनियमन पाहिलंय. मी डी.एड.ला असताना तासांचं वेळापत्रकच ठरलेलं असायचं, आणि पाठाच्या टाचणवह्या मेणबत्तीवर लिहिल्यात. तेव्हा राज्यात वीजच कमी होती. आताचा त्रास वेगळा आहे. वीज आहे, पण शेवटच्या तारेवर भरवसा नाही.

शेवटची तार जितकी लांब आणि जितक्या जंगलातून, तितका भरवसा कमी. हे मी गडचिरोलीत पाहिलं. चंद्रपूरला बदली होण्याआधी सहा वर्षं मी एटापल्ली तालुक्यात होते. तिथे तारा साग, ऐन आणि बांबूच्या रानातून मैलोन्‌मैल जातात. पावसाळ्यात एक फांदी पडली की चार-चार गावं अंधारात, आणि फांदी नेमकी कुठे पडली हे शोधायलाच दिवस जातो. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की वायरमनही पलीकडे अडकतो.

आमच्या त्या शाळेत ऑफ-ग्रिड संच होता. दोन पॅनेल, चार बॅटऱ्या. नवा होता तेव्हा संध्याकाळी गावातली मुलं वर्गात अभ्यासाला बसायची. तिसऱ्या वर्षी तो बंद पडला. कारण काय? बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं असतं, ते कोणी भरलंच नाही. संच आणून देणाऱ्यांनी एकदा दाखवलं असेल, पण ते ज्यांना दाखवलं त्या सरांची बदली झाली. नंतर आलेल्या आम्ही समजलो की सोलर म्हणजे एकदा लावलं की झालं. त्या बॅटऱ्यांवर पुढे आम्ही खडूचे खोके ठेवायचो. यात आमचीच चूक होती, आणि तिची किंमत त्या मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासाने चुकवली. आता कोणत्याही शाळेत संच आला की मी पहिला प्रश्न विचारते: पाणी कोण भरणार, आणि त्याची बदली झाली तर कोण?

तिथलीच दुसरी अडचण पाठात जरूर घ्यावी. पावसाळ्यात लाईन सगळ्यात जास्त जाते, आणि नेमकं तेव्हाच पॅनेल सगळ्यात कमी वीज देतं. सलग चार दिवस आभाळ भरलेलं असलं की बॅटरी पुन्हा भरतच नाही. म्हणून ऑफ-ग्रिड संचाला बॅटरी मोठी लागते आणि तो महाग पडतो. शहरात लाईन दोन-चार तास जाते, तिथे लहान बॅटरीवर भागतं.

मग उन्हाळ्यात तरी आपल्या जिल्ह्यात भरपूर वीज मिळत असेल? इथे मुलांसोबत मीही चुकले होते. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची ताकद मोजतात ती पॅनेलचं तापमान २५ अंश धरून. त्यापुढे दर अंशाला ती साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे पॅनेल सहज ६५ ते ७० अंशांना तापतं. मुलांनी गणित मांडलं: ४० गुणिले ०.४ म्हणजे १६ टक्के, ४५ गुणिले ०.४ म्हणजे १८ टक्के. म्हणजे तीन किलोवॅटचं पॅनेल प्रत्यक्षात अडीचपर्यंत येतं. निरभ्र पण थंड दिवस त्याला जास्त मानवतो. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकं उंच बसवतात, ते याच कारणाने.

वरून आपल्याकडची धूळ. कोळशाच्या ट्रकांची, राखेची. अंगणातल्या तुळशीची पानं पुसली तर बोट काळं होतं, ही चंद्रपूरच्या बायकांना सांगायची गोष्ट नाही. तीच धूळ पॅनेलवर बसते. ते पुसायचं सकाळी लवकर, काच गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये.

यासाठी वर्गात एक छोटा प्रयोग केला. विज्ञान पेटीतलं तळहाताएवढं पॅनेल आणि त्याला जोडलेला खेळण्यातला पंखा. उन्हात नेला, पंखा फिरला. मग त्यावर सागाचं एक पान ठेवलं. अर्धंच पॅनेल झाकलं होतं, पण पंखा पूर्ण थांबला. मुलांना वाटलं होतं की अर्ध्या वेगाने फिरेल. पॅनेलमधले घट एकापुढे एक रांगेत जोडलेले असतात. रांगेतल्या एकाने पाण्याचा पाईप दाबला तर पुढच्या सगळ्यांचं पाणी अडतं, तसं हे. मोठ्या पॅनेलमध्ये यावर थोडी सोय केलेली असते, तरी सावलीने होणारं नुकसान सावलीच्या आकारापेक्षा मोठंच असतं.

यावरून वर्गात भांडण झालं. घराजवळ मोहाचं झाड असेल आणि त्याची सावली पॅनेलवर येत असेल तर काय करायचं? दोघं म्हणाले, फांद्या तोडायच्या. एक मुलगा, ज्याचे आजी-आजोबा धानोऱ्याकडे असतात, उभा राहून म्हणाला, "मोह तोडत नसतात." बस्स, एवढंच. मी त्यात पडले नाही. पॅनेलची जागा बदलता येते, असं मात्र सांगितलं.

जगातही हा प्रश्न आहेच. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ मध्ये भारनियमन फार वाढलं, तेव्हा शहरातल्या लोकांनी घराघरांवर पॅनेल बसवली. लेबनॉनमध्ये २०२१ नंतर सरकारी वीज दिवसाला तास-दोन तास येऊ लागली आणि बैरूतच्या गच्च्या पॅनेलने भरल्या. तिथले लोक बिल कमी करायला निघाले नव्हते, त्यांना अंधार टाळायचा होता. म्हणून तिथे पॅनेलसोबत बॅटरी आलीच. आपल्याकडे आधी स्वतःला हेच विचारायला हवं: मला बिल कमी करायचंय, की लाईन गेल्यावर घर चालवायचंय? दोन्ही हवं असेल तर सही करण्याआधीच बसवणाऱ्याला तसं सांगा, इन्व्हर्टर कोणता आहे ते कागदावर लिहून घ्या, आणि पुढे बॅटरी जोडता येईल का तेही विचारा. नंतर इन्व्हर्टर बदलायचा म्हणजे पुन्हा मोठा खर्च.

त्या पालकांना तो खर्च झेपणारा नव्हता. पतसंस्थेचे हप्ते सुरू झाले होते. त्यांच्या मेव्हण्याकडे जुना घरगुती इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी पडून होती. तो पॅनेलवर चालणारा नव्हे, लाईनवर भरून ठेवायचा. दुपारी तीन तास लाईन गेली तर त्यावर भागेल का, हा प्रश्न मी नाव न घेता गणिताच्या तासाला दिला.

१५० गुणिले १२ म्हणजे १,८०० वॅट-तास. पण अशी बॅटरी पूर्ण रिकामी करत नसतात, अर्धीच वापरायची. उरले ९००. त्यातले साधारण १५ टक्के इन्व्हर्टर स्वतःच खातो. हाती आले ७६५. आता खर्च. कूलर २०० वॅट, तीन तासांचे ६००. जुने दोन पंखे ७५ वॅटचे, त्यांचे ४५०. नऊ वॅटचे दोन दिवे, ५४. बेरीज १,१०४. नाही भागत. मग पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर? पंख्यांचे १८०, एकूण ८३४. तरीही ७६५ पेक्षा जास्तच. वर्ग हिरमुसला.

तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबा एकाच खोलीत झोपतेत. दुसऱ्या खोलीतला पंखा काहून पाहिजे?" एक पंखा वजा केला, ९० गेले. ७४४. सगळ्यांनी दोनदा तपासलं.

वडिलांनी एकच पंखा बदलला आणि मेव्हण्याची बॅटरी दुकानातून तपासून आणली. मे महिन्यात, सुट्टीत, त्यांचा फोन आला. दुपारी वादळ झालं होतं आणि अडीच तास लाईन नव्हती. ते त्या दिवशी साडेचारला उठले, आणि लाईन गेली होती हे त्यांना मुलीने सांगितलं.